‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’: झाडांची शास्त्रीय नावे तपासून देणाऱ्या सेवेचे परीक्षण

लंडनमधील क्यू येथील ‘रॉयल बोटॅनिक गार्डन्स’ या संस्थेने २०१७ साली ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ हे संकेतस्थळ सुरू केले. एखाद्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव नेमके कोणते, ते कोणी, कधी आणि कोणत्या ग्रंथात प्रसिद्ध केले, त्याच वनस्पतीला याआधी आणखी कोणती नावे मिळाली होती आणि त्यांपैकी आज कोणते ग्राह्य धरायचे, या प्रश्नांची उत्तरे येथे विनामूल्य आणि कोणतीही नावनोंदणी न करता मिळतात. वृक्षपरिचयाच्या फेऱ्या घेणारे, शाळेच्या किंवा सोसायटीच्या आवारातील झाडांना पाट्या लावणारे, देवराईतील वनस्पतींच्या याद्या करणारे आणि वनौषधींवर लिहिणारे अशा सर्वांना ही सेवा उपयोगाची आहे. तरीही आपल्याकडे नाव तपासायचे म्हणजे ते शोधयंत्रात टाकायचे आणि पहिले येईल ते पान उघडायचे, एवढ्यावरच बहुतेक जण समाधान मानतात. त्या पहिल्या पानावरची माहिती पुष्कळदा ‘द प्लांट लिस्ट’ या जुन्या यादीतून उचललेली असते आणि ती यादी २०१३ नंतर अद्ययावत केलेलीच नाही.

संकेतस्थळाचा पसारा मोठा आहे. त्यात चौदा लाखांहून अधिक नावे आहेत. पण फुलझाडे, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष मिळून ज्या जाती त्यात ग्राह्य मानलेल्या आहेत, त्यांची संख्या साडेतीन लाखांच्या आसपासच आहे. म्हणजे सरासरी काढली तर प्रत्येक जातीमागे चार नावे पडतात. या एका आकड्यावरूनच अशा सेवेची गरज लक्षात येते. मूळ यादी ‘वर्ल्ड चेकलिस्ट ऑफ व्हॅस्क्युलर प्लांट्स’ या नावाने ओळखली जाते. राफाएल गोव्हर्ट्स यांनी तिचे काम १९८८ मध्ये हाती घेतले आणि पुढे जगभरातल्या अनेक तज्ज्ञांनी तिच्यात आपापल्या कुलांची भर घातली.

वापराची पद्धत साधी आहे. शोधाच्या चौकटीत रोमन लिपीत पिंपळाचे नाव, फायकस रिलिजिओसा, टाकले की त्याचे पान उघडते. सर्वांत वर ते दोन शब्द तिरप्या टंकात दिसतात आणि त्यांच्यापुढे सरळ टंकात ‘एल.’ एवढेच एक अक्षर असते. द्विनाम पद्धतीत पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा, इतके आपण शाळेत शिकतो. मात्र नावामागचे ते आद्याक्षर कशासाठी असते, हे फारसे कोणी सांगत नाही. ते नाव देणाऱ्याचे असते आणि येथे त्याचा अर्थ कार्ल लिनियस, म्हणजे ही द्विनाम पद्धत रूढ करणारा स्वीडिश शास्त्रज्ञ. सागाच्या नावामागे, टेक्टोना ग्रँडिसमागे, ‘एल.एफ.’ असे दिसते, तेव्हा ते नाव लिनियसच्या मुलाने दिलेले आहे असे समजायचे. नावाच्या खाली लगेच प्रथम प्रसिद्धीची ओळ येते. पिंपळाच्या बाबतीत ती ‘स्पीशीज प्लांटॅरम’, पृष्ठ १०५९, वर्ष १७५३ अशी आहे. वनस्पतींच्या नामकरणाचा आरंभबिंदू म्हणून याच ग्रंथाची तारीख, १ मे १७५३, ठरवलेली आहे. प्राण्यांसाठी लिनियसच्याच ‘सिस्टिमा नॅच्युरी’ची दहावी आवृत्ती आणि १ जानेवारी १७५८ ही तारीख धरतात.

या ओळीपाशी थोडे रेंगाळावे, अशी माझी शिफारस आहे. वनस्पतींच्या नावांची निव्वळ नोंद ठेवणाऱ्या ‘इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्स’ या भावंड-सेवेवर गेल्यास अनेक नावांसाठी मूळ ग्रंथाच्या छायाप्रतीपर्यंत पोहोचता येते. पृष्ठ १०५९ उघडले की वड आणि पिंपळ दोन्ही एकाच पानावर भेटतात. पाहणाऱ्याला आश्चर्य वाटेल, पण पिंपळाचे ‘नाव’ म्हणून तेथे छापलेले आहे ते एक लॅटिन वाक्यच आहे: पाने हृदयाकृती, लांबट, अखंड कडांची आणि टोकाला निमुळती होत गेलेली, अशा अर्थाचे. ‘रिलिजिओसा’ हा शब्द त्या वाक्याच्या बाजूला, समासात, आठवणीच्या सोयीसाठी टिपल्यासारखा आहे. लिनियसच्या आधी वनस्पतिशास्त्रज्ञ अशीच वर्णनात्मक लांब नावे वापरत असत आणि नवी जाती सापडली की जुन्या नावात फरक दाखवणारे आणखी दोन शब्द घालावे लागत. समासातल्या एका शब्दाने हे ओझे उतरवले. तो शब्द झाडाचे वर्णन करीलच असे नाही. त्याचे काम एका जातीला दुसरीपासून वेगळे ओळखता यावे, एवढेच. चिंचेच्या नावात ‘इंडिका’ आहे, म्हणून चिंच मूळची भारतातलीच, असा निष्कर्ष जे काढतात त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चिंचेचे मूळ आफ्रिकेकडचे मानले जाते.

त्याच पानावर पिंपळाखाली लिनियसने ‘होर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचा हवाला दिला आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने सिद्ध केलेला हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. त्यासाठी माहिती देणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते आणि त्यांचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेले आहे. लिनियस भारतात कधी आला नाही. आपल्याकडच्या कितीतरी झाडांची नावे त्याने या ग्रंथातली चित्रे आणि वर्णने समोर ठेवून दिली. कागदाच्या या साखळीचे एक टोक संकेतस्थळावरच्या एका ओळीतून हाती येते, हे मला या सेवेचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते.

नावामागे कंस असेल तर आणखी काही कळते. सीतेच्या अशोकाचे नाव सराका असोका. त्याच्यापुढे कंसात भारतात काम केलेल्या रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाचा संक्षेप येतो आणि कंसाबाहेर दुसऱ्या एका अभ्यासकाचा. याचा अर्थ असा की ‘असोका’ हे विशेषण, म्हणजे नावातला दुसरा शब्द, रॉक्सबर्गने दिले, पण वेगळ्या प्रजातीत. नंतर कोणीतरी ते सराकामध्ये आणले. समानार्थी नावांच्या यादीत खाली उतरून पाहिले की जोनेसिया असोका हे मूळ नाव सापडते. प्राच्यविद्या अभ्यासक सर विल्यम जोन्स यांच्या गौरवार्थ ती प्रजाती कल्पिलेली होती. कोकमाच्या पानावर गार्सिनिया इंडिका या नावामागच्या कंसातून असेच ब्रिंदोनिया इंडिका हाती लागते आणि गोव्यातील पोर्तुगीजांनी भिरंडाला, म्हणजे कोकमाला, कोणत्या नावाने ओळखले, त्याचा माग थेट लॅटिन नावात दिसतो. कंसाचा हा नियम ज्याला समजला, त्याला पुढचे अर्धे पान आपोआप वाचता येते. संकेतस्थळ मात्र तो कोठेही ठळकपणे समजावून सांगत नाही. वापरणाऱ्याला संहितेचे, म्हणजे वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे, प्राथमिक ज्ञान आहे असे ते गृहीत धरते आणि नवख्या वाचकाच्या दृष्टीने हा दोषच म्हटला पाहिजे.

समानार्थी नावांची यादी हा या पानाचा गाभा आहे. ती दोन भागांत असते. एकाच प्ररूप नमुन्यावर (ज्याला नाव कायमचे बांधलेले असते अशा मूळ नमुन्यावर) आधारलेली, म्हणजे फक्त प्रजाती बदलल्यामुळे निर्माण झालेली नावे एका भागात; आणि वेगळ्या नमुन्यावरून दिलेली, पण पुढे तीच जाती असल्याचे ठरलेली नावे दुसऱ्या भागात. सातबाऱ्यावरचे फेरफार वाचण्याची सवय असलेल्या माणसाला ही यादी परकी वाटणार नाही. जुने मराठी आणि इंग्रजी ग्रंथ वापरणाऱ्यांना तर तिच्यावाचून पाऊल टाकता येणार नाही. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. त्यानंतर इतकी नावे बदलली आहेत की तो ग्रंथ आज शेजारी ही यादी उघडी ठेवूनच वाचावा. ऐनाचे जुन्या पुस्तकांतले टर्मिनॅलिया टोमेंटोसा हे नाव आजच्या याद्यांत टर्मिनॅलिया इलिप्टिका असे भेटते. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी एकाच जंगलाच्या दोन याद्या समोर ठेवून ऐन दोनदा मोजण्याची शक्यता असते.

यादी किती बारकाईने पाहावी लागते याचे उदाहरण म्हणून कडुनिंब घ्यावा. लिनियसने १७५३ मध्ये कडुनिंबाला मेलिया ॲझाडिरॅक्टा आणि बकाणनिंबाला मेलिया ॲझेडॅरॅक अशी नावे दिली. दोन्ही नावे रोमन लिपीत इतकी सारखी दिसतात की घाईत टंकलेखन करणारा एकाच्या जागी दुसरे लिहून मोकळा होतो. पुढे १८३० मध्ये जुस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञाने कडुनिंब वेगळ्या प्रजातीत नेला आणि त्याचे नाव ॲझाडिरॅक्टा इंडिका झाले. प्रजातीचे आणि जातीचे नाव एकच ठेवायला वनस्पतींच्या संहितेची मनाई असल्यामुळे जुने विशेषण आजही तेथे चालणार नाही. प्राणिशास्त्रात मात्र ही मनाई नाही, म्हणून नाग नाजा नाजा आणि चितळ ॲक्सिस ॲक्सिस. बकाणनिंब आपल्या जुन्याच नावाने राहिला. औषधी उपयोगाच्या दृष्टीने ही दोन झाडे अदलाबदल करण्याजोगी नाहीत. बकाणनिंबाची फळे विषारी आहेत. एका अक्षराची चूक येथे निव्वळ शुद्धलेखनाची राहत नाही.

नावे बदलतात, ही सर्वसाधारण वाचकाची पहिली तक्रार असते आणि ती अगदीच गैर नाही. पाठ केलेले नाव दहा वर्षांत रद्द व्हावे हे कोणालाही आवडणार नाही. या संकेतस्थळाची उपयुक्तता येथेच कसाला लागते, म्हणून बाभळीचे उदाहरण जरा सविस्तर पाहू. बाभळीला लिनियसने मिमोसा निलोटिका म्हटले होते. नंतर ती ॲकेशिया निलोटिका झाली आणि आपल्या कित्येक पिढ्यांनी हेच नाव शिकले. नियमानुसार प्रत्येक प्रजातीच्या नावाला एक जाती प्ररूप म्हणून बांधलेली असते. प्रजातीचे विभाजन झाले तर नाव त्या जातीबरोबर जाते. ॲकेशिया या नावाला बांधलेली जाती बाभूळच होती. पुढील संशोधनातून असे दिसले की ॲकेशिया म्हणून एकत्र ठेवलेली झाडे प्रत्यक्षात अनेक वेगवेगळ्या शाखांची आहेत. तेव्हा नियम जसाच्या तसा लावला असता तर नाव बाभळीच्या छोट्या गटाकडे राहिले असते आणि ऑस्ट्रेलियातील नऊशेहून अधिक जातींना नवे नाव घ्यावे लागले असते. २००५ मध्ये व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने ॲकेशियाचे प्ररूपच बदलले आणि एक ऑस्ट्रेलियन जाती तेथे बसवली. आफ्रिका आणि आशियातील अनेकांना हे रुचले नाही, मतमोजणीच्या पद्धतीवरही आक्षेप घेतले गेले. पण २०११ च्या मेलबर्न परिषदेत तो निर्णय कायम राहिला. त्यामुळे बाभूळ आज व्हॅचेलिया निलोटिका आहे आणि खैर सेनेगालिया कटेचू. ज्या झाडावरून ॲकेशिया हे नाव मुळात आले, त्याच झाडाला ते सोडावे लागले, याला अन्याय म्हणावे की व्यवहार्यता, यावर मतभेद होऊ शकतात. मला स्वतःला तो निर्णय सोयीचा वाटतो, पण न्याय्य वाटत नाही.

संकेतस्थळावर जुने नाव टाकले तरी वाचक योग्य जागी पोहोचतो: हे नाव अमुक नावाचे समानार्थी आहे, असे तेथे स्पष्ट सांगितलेले असते. मात्र बदल का झाला, हे सांगितलेले नसते. व्हिएन्ना, मेलबर्न, प्ररूप, मतदान यांतील एक शब्दही बाभळीच्या पानावर वाचायला मिळणार नाही. तो इतिहास वाचकाने अन्यत्र शोधायचा.

कढीपत्त्याची गोष्ट उलट दिशेची आहे. लिनियसने त्याला १७७१ मध्ये बर्गेरा कोएनिगी असे नाव दिले. त्यातील कोएनिग म्हणजे तमिळनाडूतील तरंगमबाडी येथे काम करणारा त्याचा शिष्य. पुढे हे झाड मुराया प्रजातीत गेले आणि मुराया कोएनिगी हेच नाव दीड-दोन शतके पुस्तकांतून, औषधकोशांतून आणि पाकिटांवरून छापले गेले. आता हे संकेतस्थळ त्याला पुन्हा बर्गेरा कोएनिगी म्हणून दाखवते. रस्त्याकडेला सरळसोट वाढणारा, ज्याला आपण आसुपालव किंवा खोटा अशोक म्हणतो, तो पॉलिअल्थिया लाँगिफोलिया २०१२ मध्ये मोनून प्रजातीत गेला आणि त्याचे नाव मोनून लाँगिफोलियम झाले. येथे शेपूटही बदलले, कारण विशेषणाचे लिंग प्रजातीच्या नावाच्या लिंगाप्रमाणे चालते आणि मोनून नपुंसकलिंगी आहे. अनेक नव्या पाट्यांवर ‘मोनून लाँगिफोलिया’ असे अर्धवट बदललेले नाव दिसते. पाटी रंगवण्यापूर्वी या पानावर एक नजर टाकली असती तर ते टळले असते.

इथे या सेवेविषयी माझे मुख्य म्हणणे मांडतो. नावाखाली ‘ही जाती ग्राह्य आहे’ असे जे वाक्य येते, त्याला बरेच जण कायद्याचे वजन देतात. दोन वेगळ्या गोष्टींची त्यात गल्लत होते. एखादी मर्यादा मान्य केल्यावर, म्हणजे कोणती झाडे एका जातीत किंवा एका प्रजातीत मोडतात हे ठरवल्यावर, त्यांचे योग्य नाव कोणते हे संहिता सांगते आणि तेथे मताला वाव नसतो: सर्वांत जुने, नियमाप्रमाणे प्रसिद्ध झालेले विशेषण जिंकते. पण मर्यादा कोठे आखायची, हे संहिता सांगत नाही. तो अभ्यासकाचा निवाडा असतो. सह्याद्रीतील कारवीचे उदाहरण येथे चपखल आहे. ब्रेमेकँप या डच शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये स्ट्रोबिलांथिस ही मोठी प्रजाती फोडून अनेक लहान प्रजाती केल्या आणि त्यांपैकी एकीला कारवीच्याच नावावरून कार्विया म्हटले. त्याप्रमाणे आपली कारवी कार्विया कॅलोसा झाली. आज बहुतेक अभ्यासक ती पुन्हा स्ट्रोबिलांथिसमध्येच धरतात. ब्रेमेकँपने नियम मोडला नव्हता आणि आजचे अभ्यासकही मोडत नाहीत; रेषा वेगळ्या ठिकाणी ओढली आहे, इतकेच. या संकेतस्थळावर दिसणारा निवाडा क्यूच्या संपादकांचा आणि त्यांनी निवडलेल्या तज्ज्ञांचा असतो. त्यांचा अधिकार मोठा आहे, तरी ते न्यायालय नव्हे. पानावर खाली ‘मान्य करणारे’ आणि ‘मान्य न करणारे’ संदर्भ दिलेले असतात आणि माझ्या मते पानातला सर्वांत प्रामाणिक भाग तोच आहे. दुर्दैवाने तो इतका खाली आहे की क्वचितच कोणी तिथपर्यंत जात असेल.

या दृष्टीने ‘इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्स’शी तुलना करण्यासारखी आहे. ती सेवा मुळात कोणताही निवाडा देत नाही. नाव कोठे, कधी, कोणी प्रसिद्ध केले, इतकेच नोंदवते. तिचा एक मोठा आधार असलेला ‘इंडेक्स क्यूएन्सिस’ हा कोश चार्ल्स डार्विन यांनी दिलेल्या पैशातून सुरू झाला आणि १८९३ ते १८९५ या काळात प्रथम छापला गेला. क्यू, हार्वर्ड विद्यापीठाचे वनस्पतिसंग्रह आणि ऑस्ट्रेलियातील संस्था यांच्या नोंदी एकत्र करून आजचे रूप आले आहे. ‘द प्लांट लिस्ट’ची जागा घेणारे ‘वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन’ही आहे आणि तेथील निवाडे काही ठिकाणी क्यूपेक्षा वेगळे असतात. महत्त्वाच्या लिखाणासाठी दोन्ही पाहावीत आणि आपण कोणाचे नाव स्वीकारले ते एका वाक्यात नोंदवावे. पाटीसाठी किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी इतक्या खोलात जाण्याचे कारण नाही. क्यूचे पान पुरेसे आहे.

भूगोलाच्या बाबतीत मात्र ही सेवा आपल्या कामी फारशी येत नाही. पानावर जगाचा नकाशा असतो. मूळची वस्ती हिरव्या रंगात आणि माणसाने नेऊन रुजवलेली वस्ती जांभळ्या रंगात दाखवलेली असते. गुलमोहर किंवा घाणेरी आपल्याकडची नव्हे, हे मुलांना दाखवायला याइतके सोपे साधन नाही. पण नकाशाचे घटक एका आंतरराष्ट्रीय योजनेनुसार आखलेले आहेत आणि तीत आसाम, पूर्व हिमालय, पश्चिम हिमालय आणि बेटे वेगळी काढल्यावर उरलेला सगळा भारत हा एकच घटक आहे. परिणामी केवळ सह्याद्रीच्या काही कड्यांवर वाढणाऱ्या कंदीलपुष्पाच्या (सेरोपेजिया प्रजातीच्या) जातींसाठीही राजस्थानपासून कन्याकुमारीपर्यंतचा प्रदेश हिरवा होतो. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातील सेरोपेजिया लॉई आणि अवघ्या देशात पसरलेला पळस नकाशावर जवळजवळ सारखेच दिसणार असतील, तर प्रदेशनिष्ठ वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याने त्या नकाशाकडे पाहूच नये. वर्णनाच्या ओळीत कधी कधी कंसात राज्याचे नाव असते, ते अधिक विश्वासार्ह. खऱ्या स्थानिक माहितीसाठी पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाने प्रसिद्ध केलेल्या राज्याच्या वनस्पतिसूची किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमसारखे संग्रह यांच्याकडेच वळावे लागते.

कंदीलपुष्पांचा विषय निघालाच आहे, तर एक लहानसे विषयांतर. या एकाच प्रजातीच्या जातींची नावे या संकेतस्थळावर ओळीने वाचत गेल्यास महाराष्ट्रातील वनस्पतिशास्त्राच्या हजेरीपटावर नजर टाकल्यासारखे होते: झेवियर्सचे फादर सांतापाव यांच्यावरून सेरोपेजिया सांतापावी, चार्ल्स मॅकॅन यांच्यावरून मॅकॅनी, पुण्याचे प्राध्यापक महाबळे यांच्यावरून महाबळेई, आणि मध्येच पाचगणीवरून पांचगणिएन्सिस, सह्याद्रीवरून सह्याद्रिका. कोणाही शास्त्रज्ञाने स्वतःचे नाव स्वतःच्याच शोधाला देऊ नये, असा संकेत आहे. त्यामुळे यातले माणसावरून आलेले प्रत्येक नाव दुसऱ्याने आदराने दिलेले आहे.

आता ही सेवा काय करू शकत नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. ती नाव तपासते, झाड ओळखत नाही. एका रोपवाटिकेतून मी सीतेच्या अशोकाचे रोप आणले होते. त्याच्या पिशवीला बांधलेल्या चिठ्ठीवर सराका असोका असे नीट लिहिलेले होते, विशेषण लहान लिपीत होते, कोठेही चूक नव्हती आणि संकेतस्थळाने ते नाव ग्राह्य असल्याचेही सांगितले. काही वर्षांनी झाडाला फुले आली ती पिवळी, मोठ्या गुच्छांची. पानेही अपेक्षेपेक्षा बरीच मोठी. ते मलायातील सराका थायपिंगेन्सिस निघाले. चिठ्ठीतले नाव निर्दोष होते, फक्त ते शेजारच्या झाडाचे होते. जुन्या भारतीय ग्रंथांत अशोकाला सराका इंडिका म्हणत असत. ती प्रत्यक्षात आग्नेय आशियातली निराळी जाती आहे, हे कळल्यावर नाव सुधारले गेले. त्यात बाजारात खोट्या अशोकाची सालही अशोकसाल म्हणून खपवली जाते. अशा परिस्थितीत नाव तपासणे ही पहिली पायरी ठरते, पण पाने, फुले आणि नमुना तपासण्याची पायरी तिने वगळता येत नाही. संकेतस्थळावरील काही जातींच्या पानांवर क्यूच्या संग्रहातील वाळवलेल्या नमुन्यांची छायाचित्रे आणि प्रादेशिक ग्रंथांतली वर्णने असतात, त्यांची यात थोडी मदत होते. भारतीय झाडांसाठी ही वर्णने सगळीकडे सारखी नाहीत. आफ्रिकेतही आढळणाऱ्या जातींची संकेतस्थळावरची पाने सहसा अधिक भरलेली दिसतात.

हापूस, पायरी, तोतापुरी यांचा येथे शोध घेऊ नये. ही सर्व मँजिफेरा इंडिका या एकाच जातीची लागवडीतली वाणे आहेत आणि वाणांच्या नावांसाठी स्वतंत्र संहिता आहे. शेवाळे, बुरशी आणि प्राणी या संकेतस्थळाच्या कक्षेत येत नाहीत. मराठी नावाने शोध घेऊन काही हाती लागेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आधी कोशातून किंवा जाणकाराकडून लॅटिन नाव मिळवावे आणि मग येथे यावे. देवनागरीत ना मोठी-लहान लिपी आहे, ना तिरप्या टंकाची रूढी, त्यामुळे मराठी पाटीवर नाव लिहिताना ते एकदा रोमन लिपीतही द्यावे. देवनागरी लिप्यंतर प्रत्येकाचे वेगळे होते आणि त्यावरून परत मूळ नावापर्यंत पोहोचणे अवघड जाते.

किंमत शून्य, जाहिराती नाहीत, माहिती मोकळी आणि तिचा हिशेब दाखवलेला, एवढे पाहता ही सेवा मी निःसंकोच सुचवीन. नवख्यांसाठी समजुतीच्या टिपा आणि भारतासाठी राज्यवार नकाशा या दोन गोष्टी तिने कराव्यात, असे वाटते. नावे सतत बदलत असल्याने आपल्या यादीत किंवा लेखात नाव कोणत्या तारखेला पाहिले ते नोंदवावे. ज्यांना शेकडो नावे एकदम तपासायची आहेत, त्यांनी एकेक पान उघडत बसण्याऐवजी मूळ यादीची संपूर्ण प्रत क्यूच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. तीही विनामूल्य आहे आणि प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असल्यामुळे नंतर कोणी विचारले तर नेमके कोणत्या आवृत्तीवरून नाव घेतले ते सांगता येते.